तीन नळ्या आणि शेऱ्याचा रकाना

टेंभुर्णीच्या आमच्या बौद्ध वस्तीतून नर्सिंगला गेलेली मी पहिली मुलगी. जालना जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते आणि वडील त्याच शाळेत शिक्षक होते. औरंगाबादला माझं शिक्षण झालं, तिथल्याच एका मोठ्या दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीत मी पाच वर्षं काढली, आणि नव्वदीचं दशक निम्मं सरलं तेव्हा जालन्याच्या एका खाजगी दवाखान्यात रुजू झाले. तिथे नुकतीच दोन मशीन बसवली होती. त्याआधी मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या माणसाची किडनी बंद पडली तर त्याला आठवड्यातून दोनदा औरंगाबाद गाठावं लागायचं. बरेच जण चार-सहा खेपा करायचे आणि मग यायचेच थांबायचे. ते का आले नाहीत, हे आम्ही विचारायचो नाही. आम्हाला ते कळलेलं असायचं.

डायलिसिस म्हणजे अंगातलं रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. एवढं लोकांना लवकर समजतं. पण ते रक्त काढायचं कुठून, हा खरा प्रश्न असतो, आणि माझी सगळी नोकरी त्या एका प्रश्नाभोवती गेली. कायमची सोय म्हणजे फिस्तुला. हाताची एक धमनी आणि एक शीर शस्त्रक्रियेने जोडतात, मग ती शीर हळूहळू फुगून दणकट होते आणि तिच्यात जाड सुया टोचता येतात. पण तिला तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, आणि पेशंटला तर आज, आत्ता मशीनवर घ्यायचं असतं. तोवरच्या दिवसांसाठी मोठ्या शिरेत तात्पुरती नळी घालतात. ही नळी एकतर मांडीच्या सांध्यात घालतात, नाहीतर गळ्याखालच्या आडव्या हाडाखाली, नाहीतर मानेत. नळीला बाहेर दोन तोंडं असतात, एकाला लाल टोपण आणि दुसऱ्याला निळं. लाल तोंडातून रक्त मशीनकडे जातं, निळ्यातून परत येतं.

आमचे डॉक्टर जालन्याचेच होते. बाहेर शिकून, किडनीचे डॉक्टर होऊन गावात परत आलेले. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. त्यांचा हात फार सफाईचा होता. हाडाखालची नळी ते अशी घालायचे की पेशंटला 'झालं का' म्हणून विचारावं लागायचं. त्यांना ती आवडायचीही. झोपायला, बसायला, फिरायला कसलीच अडचण नाही, आणि ब्लाऊज किंवा शर्टाखाली दिसतही नाही. मांडीतली ते फक्त अगदीच जिवावर बेतलं असलं तर घालायचे. मानेतली जवळजवळ नाहीच.

मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण मग आमच्या पेशंटांपैकी एका मास्तरांचा हात सुजला.

हे मास्तर माझ्या वडिलांबरोबर एकाच शाळेत नोकरीला होते. मला लहानपणापासून ओळखायचे, म्हणून दवाखान्यात मला 'बाळ' म्हणायचे आणि लगेच सावरून 'सिस्टर' म्हणायचे. त्यांना उजवीकडे शीर नीट मिळाली नव्हती, म्हणून डाव्या हाडाखाली नळी घातली होती. दोन महिने ती छान चालली. मग डाव्या हातातला फिस्तुला तयार झाला, नळी काढली, सगळं सुरळीत झालं. आणि तीन-चार महिन्यांनी त्यांचा डावा हात बोटांपासून खांद्यापर्यंत सुजायला लागला. छातीवर डाव्या बाजूला निळ्या शिरांचं जाळं दिसायला लागलं. अंगठी कापून काढावी लागली. त्यांना औरंगाबादला पाठवलं, तिथे तपासणीत कळलं की हाडाखालची शीर आतून आवळली गेली आहे. फिस्तुल्यातून जोराने येणारं रक्त पुढे सरकत नव्हतं, ते हातातच तुंबत होतं. शेवटी तो चांगला, दणकट फिस्तुला बांधून बंद करावा लागला आणि उजव्या हातात नवा करावा लागला. लिहिण्याचा हात.

मास्तरांनी कुणाला दोष दिला नाही. एका दिवशी मशीनवर असताना मला म्हणाले, "हे माझ्या एकट्याचं झालं का अजून कुणाचं?"

मी म्हटलं, "सर, अजून एका-दोघांचे हात सुजल्यासारखे वाटतात. पण नक्की नाही सांगता येत."

"वाटतंय यावर भागत न्हाई. लिहून ठेवत जा."

पुढच्या खेपेला येताना त्यांनी शाळेतला एक कोरा हजेरीपट आणला. लांबट, जाड पुठ्ठ्याचा, आत आडव्या-उभ्या रेघा. मी त्यात रकाने आखले. नळी कुठे घातली, कुठल्या बाजूला, किती दिवस राहिली, ताप आला का, रक्त मशीनला बरोबर मिळालं का. शिवण्याची टेप घेऊन दोन्ही दंडांचा घेर मी दर महिन्याला मोजायचे, तोही लिहायचे. आणि हजेरीपटात सगळ्यात शेवटी छापलेला एक रकाना असतो, शेरा. त्यात काय लिहायचं ते मला सुचेना. मग मी पेशंटला नळीबद्दल जे वाटतं ते त्याच्याच शब्दांत लिहायला लागले.

तो रकाना सगळ्यात आधी भरला. मांडीत नळी असलेला एक शेतकरी म्हणाला होता, 'खुंट्याला बांधल्यावानी झालंय, पाय दुमडायची बी चोरी.' मानेत नळी घालावी लागलेली एक बाई म्हणाली होती, 'मान वळवली की कोणीतरी मागून वढून राह्यलंय असं वाटतं.' आणि हाडाखालच्या नळीबद्दल बहुतेक सगळे एकच म्हणायचे, 'हाय का न्हाई ते बी ध्यानात राहत न्हाई.'

एवढं वाचलं असतं तर कुणीही हाडाखालचीच निवडली असती. पण टेपचे आकडे वेगळं सांगत होते. वर्ष-सव्वा वर्ष मी ते भरत गेले. मांडीतल्या नळीने ताप लवकर यायचा आणि आठवड्याच्या पुढे ती ठेवायची मला भीती वाटायची. मानेतली त्रासाची होती, पण ती काढल्यावर मागे काही उरत नव्हतं. हात सुजलेले जे होते, ते सगळे हाडाखालचे होते. सगळे. मी हे कुणाला बोलले नाही. डॉक्टरांच्या हाताची सफाई मी रोज बघत होते, आणि त्या हाताबद्दल असं काही बोलायला माझी जीभ उचलत नव्हती.

आणि मग मंठ्याहून आक्का आल्या.

आक्का कासार होत्या. मंठ्याच्या आठवडी बाजारात आणि आसपासच्या गावांत त्या आणि त्यांचे मालक बांगड्या भरायला जायचे. चाळिशीच्या असतील. आणलं तेव्हा त्यांना एक वाक्यसुद्धा धड बोलता येत नव्हतं, पाय सुजून चकचकीत झालेले, आडवं केलं की दम लागायचा. आडवं होता येत नाही म्हटल्यावर मानेत किंवा हाडाखाली नळी घालणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना अर्धवट बसवूनच मांडीत नळी घातली आणि आम्ही लगेच मशीन लावलं. संध्याकाळपर्यंत त्यांची धाप कमी झाली. चार दिवसांत तीन वेळा मशीनवर घेतलं. पाण्याचा भार उतरला तसा त्यांचा मूळ चेहरा दिसायला लागला, आणि चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाई, ह्या नळीपायी मांडी घालून बसता येत न्हाई. मांडी घातल्याबिगर बांगड्या कशा भरायच्या?"

त्या दिवशी डॉक्टर राउंडला आले आणि म्हणाले, "सिस्टर, उद्या मांडीतली काढू आणि हाडाखाली घालू. फिस्तुल्याची तारीखही घेऊन टाका."

मी त्यांच्यामागून बाहेर आले. हजेरीपट माझ्या हातात होता. मी तो आधीपासून काढून ठेवला होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

"सर, आक्कांना हाडाखालची नको."

ते थांबले. "का?"

"त्यांचा धंदा दोन्ही हातांचा आहे. हात सुजला तर धंदाच बसेल."

"सगळ्यांचे सुजत नाहीत, सिस्टर. मास्तरांचं नशीब वाईट होतं."

"मास्तर एकटे नाहीत सर. मी मोजलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ती नजर मला अजून आठवते. ती रागाची नव्हती, पण बरीही नव्हती. "तुम्ही मोजलंय," ते म्हणाले.

"हो सर. चुकत असेन तर दाखवा. पण आधी वाचा."

त्यांनी हजेरीपट घेतला आणि ते निघून गेले. मी आत आले आणि मशीनचे पाइप दोनदा तपासले, तपासायची गरज नसताना. आमच्याकडे साफसफाईला असलेल्या मावशींनी विचारलं, "काय झालं ओ?" मी म्हटलं, "काही नाही." त्या दिवशी मला वाटलं होतं की आपल्याला दुसरी नोकरी बघावी लागणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. हजेरीपट टेबलावर उघडा होता. ते म्हणाले, "आमच्या सरांना फोन केला होता, मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना. तिकडे त्यांनी हाडाखालची नळी घालणं जवळजवळ सोडूनच दिलंय. ते म्हणाले, तुला हे अजून कुणी सांगितलं नाही? मी म्हटलं, सांगितलं, कालच." मग त्यांनी पान उलटलं. "आणि हा शेऱ्याचा रकाना मी दोनदा वाचला. यातलं एकही वाक्य माझ्यासमोर कुणी बोललेलं नाही."

मी हजेरीपट मिटून हातात घेतला.

"आक्कांना मानेत घालू," ते म्हणाले. "पण माझा मानेवर हात बसलेला नाही. तुम्ही डोकं धरा, आणि घाई झाली तर मला थांबवा."

त्याआधी मी एक गोष्ट मागितली. नळी आक्कांच्या अंगात जाणार होती, तर त्यांना तिन्हीचं बरंवाईट सांगायला हवं होतं. डॉक्टर हो म्हणाले आणि स्वतः येऊन खुर्ची ओढून बसले. मी एका नळीचं पाकीट फोडून ती आक्कांच्या हातात दिली. ती बोटांनी त्यांनी अशी पारखली जशी त्या काचेची बांगडी पारखत असतील. चिमटीत फिरवून, नखाने टिचकी मारून, जरा वाकवून.

"आत गेल्यावर अशीच राहती का मऊ पडती?"

"अंगातल्या उबेने मऊ पडते," डॉक्टर म्हणाले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मांडीतली तर बिलकुल न्हाई. हाडाखालची झाकून राहती, पर मागून हात सुजवती म्हणता. मंग तिचा काय उपेग? मानंतली घाला. लोकं बघतील तर बघू द्या. मी काय चोरी करून राह्यले का?"

नळी घालताना मी त्यांचं डोकं डावीकडे वळवून दोन्ही हातांनी धरलं होतं. मानेच्या दोन स्नायूंच्या मध्ये एक त्रिकोणी खळगा असतो, तिथून सुई जाते. सोनोग्राफी लावून शीर शोधायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती, सगळं बोटांच्या अंदाजावर. पहिल्या खेपेला शीर मिळाली नाही. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "सर, सावकाश." दुसऱ्या खेपेला सिरिंजमध्ये गर्द काळसर रक्त आलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला. दोन टाके घालून नळी कातडीला शिवली, एक्स-रे काढला, जागेवर होती. मांडीतली काढून मी वीस मिनिटं सांधा दाबून बसले. त्या वेळात आक्का झोपून गेल्या.

फिस्तुला कुठल्या हातात करायचा हेही त्यांनीच ठरवलं. त्या म्हणाल्या, "डाव्या हातानं मी गिऱ्हाइकाचा हात धरते, उजव्यानं बांगडी चढवते. धरणारा हात थोडा कमी चालला तरी भागंल." पण फिस्तुल्याच्या हातात बांगड्या चालत नाहीत. दाब पडतो. हे सांगायची पाळी माझ्यावर आली. बांगड्या भरणाऱ्या सवाष्ण बाईला डावा हात रिकामा ठेवायला सांगायचं होतं. त्यांचे मालक तिथेच भिंतीला टेकून उभे होते. फार कमी बोलणारा माणूस. ते पुढे आले, खाली बसले, आणि त्यांनी स्वतः एकेक बांगडी न फोडता आक्कांच्या डाव्या हातातून काढली आणि उजव्या हातात चढवली. म्हणाले, "दोन्हीच्या एकाच हातात घाल. मोजणारं कोण हाय?"

आठवड्यातून दोनदा आक्का मंठ्याहून एसटीने यायच्या. मानेभोवती पदर घट्ट लपेटलेला असायचा. सुरुवातीला बाजारात बायका विचारायच्या, 'गळ्यात काय लावलंय?' आणि त्या सरळ सांगायच्या. मानेचं ड्रेसिंग मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एकदा नागपंचमीच्या आधी, बांगड्यांच्या ऐन घाईत, त्या डोक्यावरून अंघोळ करून आल्या आणि ड्रेसिंग ओलं झालेलं होतं. मी त्यांना फार बोलले. इतकं की नंतर मलाच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "बोला बाई, बराबर हाय तुमचं. पर सणाच्या दिवशी मळक्या डोक्यानं दुसऱ्याच्या लेकीचा हात हातात धरवत न्हाई." पुढचे दोन दिवस मी ताप येतो का म्हणून जिवाला घोर लावून घेतला. आला नाही.

फिस्तुल्यावर बोट ठेवलं की आत रक्ताची थरथर जाणवते. आक्का दिवसातून दहा वेळा ती बघायच्या. "चालू हाय," म्हणायच्या, जशी विहिरीवरची मोटार चालू आहे असं सांगावं. दोन महिन्यांनी आम्ही त्या हातात पहिल्यांदा सुया टोचल्या. मशीनला रक्त भरपूर मिळालं, एकदाही गजर वाजला नाही. त्याच आठवड्यात मानेतली नळी काढली. त्यांनी ती बघायला मागितली. पुसून हातात दिली तेव्हा म्हणाल्या, "खरंच मऊ पडली."

मी त्यांचे दंड मोजत राहिले. तीन महिने झाले, सहा झाले, वर्ष झालं. दोन्ही दंड सारखे.

डॉक्टरांनी पुढे काय केलं ते मी मुद्दाम लिहिते, कारण अशी माणसं कमी असतात. औरंगाबादला डॉक्टरांची एक बैठक होती, तिथे त्यांना बोलायला बोलावलं होतं. ते मला आणि हजेरीपटाला बरोबर घेऊन गेले. त्यांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, "जालन्यात मी हाडाखालच्या नळ्या घालत होतो आणि मला माझ्या हाताचा अभिमान होता. माझी चूक काय होती ते आमच्या सिस्टर सांगतील." आणि बसले.

मला इंग्रजीत बोलता आलं नसतं. मी मराठीत बोलले. मांडीतली केव्हा चांगली, मानेतली केव्हा, आणि हाडाखालची का नको, ते सांगितलं. मग शेऱ्यातली पाच-सात वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवली. सुरुवातीला कुणीतरी हसलं. मग हसायचं थांबलं. शेवटी पुढच्या रांगेतले एक वयस्कर सर्जन म्हणाले, "पेशंटला काय वाटतं हा रकाना तुम्ही कुठल्या पुस्तकातून घेतला?"

मी म्हटलं, "सर, शाळेच्या हजेरीपटात तो छापलेलाच असतो."

त्या रविवारी मी टेंभुर्णीला गेले आणि वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी मला ते भाषण पहिल्यापासून परत करायला लावलं, उभं राहून. मास्तरांनाही बोलावून घेतलं. दोघे निवृत्त शिक्षक खाटेवर बसून ऐकत होते आणि मी घरातल्या घरात बोलत होते. मास्तर म्हणाले, "उच्चार बरोबर आले." वडील उठून बाहेर गेले आणि शेजारच्यांना म्हणाले, "आत या, पोरगी औरंगाबादला डॉक्टरांसमोर बोलून आली."

नवीन शतक लागलं तेव्हा आमच्याकडे पाच मशीन झाली होती. आता एक आणखी नळी आली होती, मऊ, लांब मुदतीची. ती छातीच्या कातडीखालून थोडी वाट काढून मग मानेच्या शिरेत जाते, आणि कातडीखाली तिला एक छोटा मऊ कापडी पट्टा असतो, त्यात मांस रुजतं, म्हणून ती निसटत नाही आणि जंतूही लवकर आत शिरत नाहीत. ज्यांच्या शिरा फिस्तुल्याला चालत नाहीत त्यांना ती महिनोन् महिने ठेवता येते. पिंपळगाव रेणुकाईच्या एका म्हाताऱ्या बाईंसाठी आम्ही ती पहिल्यांदा घालणार होतो. त्यांचा फिस्तुला दोनदा फसला होता आणि त्या आता कशालाच तयार नव्हत्या. मुलगा समजावून थकला. डॉक्टर बोलले, मी बोलले. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

शेजारच्या पलंगावर आक्का मशीनवर होत्या. त्यांना येऊ लागून चार वर्षं झाली होती. त्यांनी उजव्या हाताने पदर बाजूला सारला आणि मानेवरची जुनी बारीक खूण दाखवली.

"आजी, हिकडं बघा. मला पयली मांडीत घातल्ती. तिनं जीव वाचवला, पर बसू देईना. मंग हितं घातली. दिसायची, पर हात शाबूत राह्यले. आता तुम्हाला जी घालून राह्यलेत ती ह्या दोन्हीपेक्षा बरी. मांडी घालून बसा, भाकरी करा, देवीला जा. फकस्त वली करायची न्हाई. वली केली की ह्या बाई लई बोलतात."

म्हातारीने मान वळवली. आधी आक्कांच्या मानेकडे पाहिलं, मग त्यांच्या उजव्या हाताकडे, कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेल्या.

"दुखतं का घालताना?" तिने विचारलं.

"टोचतं. मंग न्हाई."

म्हातारी मुलाला म्हणाली, "सांग त्यांला, घाला म्हणावं."

मी तिथेच उभी होते. मला त्यात भर घालण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी आक्कांचं मशीन बघितलं, दाब लिहिला आणि डॉक्टरांना बोलवायला गेले.